सोमवारी तो स्टॉल कुठे असेल?

लग्नसराई जवळ आली की वर्तमानपत्रांत जाहिराती सुरू होतात: शुक्रवार, शनिवार, रविवार, फक्त तीन दिवस. एखाद्या हॉटेलचा बँक्वेट हॉल नाहीतर मोठं मंगल कार्यालय, आत मुंबई-सुरत-जयपूरहून आलेले तीस-चाळीस स्टॉल आणि 'थेट कारखान्यातून' आलेले हिऱ्यांचे दागिने. यंदा माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला आणि पुण्यातल्या अशाच एका प्रदर्शनावरून आमच्या घरात दोन तट पडले. एकीकडे म्हणणं असं की तिथे मधला दलाल नाही, माल स्वस्त पडतो, दारात आलेली संधी का सोडायची? दुसरीकडे म्हणणं असं की हे लोक तेवढ्यापुरते येतात आणि फसवून जातात, आपला पिढीजात सराफ सोडून कुठे जाऊ नये. हा वाद मी आजवर अनेक घरांत ऐकला आहे आणि तो दर वेळी एकाच जागी अडकतो: विकणारा माणूस सज्जन की लबाड? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. स्टॉलवरचा माणूस शंभर टक्के सज्जन आहे असं धरून चाललं तरी माझं मत बदलत नाही. सामान्य माणसाने हिऱ्यांच्या प्रदर्शनाला जरूर जावं, दोनदा जावं, पण तिथे पैसे मोजू नयेत. कारण हिऱ्याच्या किमतीत विकणाऱ्याचा पत्ताही धरलेला असतो, आणि प्रदर्शनात नेमकी तीच गोष्ट मिळत नाही.

पत्ता का, ते सोन्याशी ताडून पाहिलं की कळतं. सोन्याची बांगडी तुम्ही नाशिकला घ्या नाहीतर कोल्हापूरला, मोडायला नेलीत तर कुठलाही सराफ ती तोलेल, कस लावेल, घट काढेल आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे देईल. भाव रोज छापून येतो. शुद्धता आता दागिन्यावरच कोरलेली असते. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हिऱ्याचं असं काही नाही. व्यापारी आपसात रॅपापोर्ट या आंतरराष्ट्रीय दरपत्रकावरून बोलतात, पण तो बोलण्याचा आरंभबिंदू. प्रत्यक्ष सौदा त्याच्या खाली किती टक्क्यांनी होईल ते हिऱ्यागणिक बदलतं. आणि मोड? जिथून घेतला तिथे परत नेलात तर त्याने लिहून दिलेल्या अटींप्रमाणे बरे पैसे येतात. दुसऱ्या दुकानात नेलात तर तो सोनं तोलतो, त्याचे पैसे सांगतो आणि हिऱ्यांकडे बघून एक तर मान हलवतो किंवा असा आकडा सांगतो की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. म्हणजे हिरा घेताना आपण दोन गोष्टी घेत असतो: तो खडा, आणि उद्या त्याची जबाबदारी घेणारा माणूस. हा दुसरा माणूस सोमवारी सकाळी पेट्या भरून पुढच्या गावाला निघाला असेल, तर आपण अर्धीच वस्तू घेतली आणि पैसे मात्र पूर्ण वस्तूचे दिले.

आता प्रदर्शनाच्या बाजूने जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केलं पाहिजे. स्वस्ताई हा त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा नाही. सगळ्यात मोठा मुद्दा भीड हा आहे. सराफाच्या पेढीवर आपण गेलो की चहा येतो, मखमली ट्रे एकामागून एक निघतात, मालक आजोबांची चौकशी करतो, आणि अर्ध्या तासाने 'बघून येते' म्हणायला जीभ रेटत नाही. मोठ्या शोरूमची गत वेगळी. तिथे दारात बंदूकधारी, आत काचेच्या भिंती. साधी नोकरी करणारी, एकटी आलेली बाई त्या दारातून आत जायलाच कचरते. प्रदर्शनात हे दडपण नसतं. तिकीट नाही, ओळख नाही, पर्स खांद्याला लावून हवं तेवढं हिंडावं, पाच ठिकाणी बोटात अंगठी घालून बघावी आणि न घेता निघावं. लातूर, सांगली, चंद्रपूरसारख्या गावांत तर हिऱ्यांचा चांगला माल ठेवणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तिथे एका छताखाली तीस दुकानं येणं ही मोठी सोय आहे. हे सगळं मला पटतं, आणि म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण लक्षात घ्या, यातला प्रत्येक फायदा बघण्याचा आहे. घेण्याचा एकही नाही.

स्वस्ताईचं काय? भाचीला आवडलेल्या अंगठीच्या स्टॉलवर विक्रेता अगदी आर्जवाने म्हणाला, "मॅडम, आज बुक केलंत तर घडणावळ पूर्ण माफ." ऐकायला छान वाटतं. आता हिशेब करू. समजा अंगठीतल्या सोन्याचे तीस हजार झाले आणि घडणावळ १५ टक्के, म्हणजे साडेचार हजार रुपये माफ झाले. हिरे ३० सेंट (शंभर सेंटचा एक कॅरेट). कॅरेटला ६० हजाराचा दर लावला तर हिऱ्यांचे १८ हजार होतात, ८० हजाराचा लावला तर २४ हजार. फरक सहा हजारांचा. साडेचार हजार सोडून सहा हजार घेतले, आणि ग्राहक मात्र सूट मिळाली म्हणून खूश. सोन्याचा दर सगळ्यांना ठाऊक असतो, तिथे हात लावता येत नाही. घडणावळ डोळ्यांसमोर असते, ती सोडून दाखवता येते. नफा बसतो तो हिऱ्याच्या दरात, कारण तो पडताळून बघण्याचं साधन आपल्याकडे नसतं. आणि 'मधला खर्च नाही' हेही पूर्ण खरं नाही. दुकानाचं भाडं वाचत असेल, पण हॉलचं भाडं, मालाचा विमा, सुरक्षा, माणसांचा प्रवास आणि हॉटेल हा खर्च तीन दिवसांत वसूल करायचा असतो. काही लहान कारागीर-व्यापारी खरंच कमी दरात देतात. पण ते तुम्हाला कसं कळणार? दोन हिरे तंतोतंत सारखे नसतात. कॅरेट, रंग, स्वच्छता आणि कट या चारांत एक पायरी इकडची तिकडे झाली की दर बदलतो. वजनातही ९७ सेंट आणि पूर्ण एक कॅरेट यांत डोळ्याला काही दिसत नाही, दरात मात्र उडी असते. ताडून बघायला वेळ लागतो, आणि 'आजच' या एका शब्दाने तो वेळच काढून घेतलेला असतो.

या वेळेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळा अन्याय तिथेच आहे. हिऱ्याच्या व्यापारात 'जांगड' नावाची जुनी रीत आहे. एक व्यापारी दुसऱ्याकडून माल पसंतीवर नेतो; पुडी आपल्या ऑफिसात, आपल्या टेबलावर, आपल्या उजेडात उघडून बघतो; पटला तर ठेवतो, नाही तर परत करतो. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना आपल्या देशात, मुख्यतः सुरतेत, पैलू पडतात असं सांगितलं जातं. एवढा प्रचंड धंदा या रीतीवर आणि परस्परांच्या पत्त्यावर उभा आहे. मुंबईत जीजेईपीसी ही रत्न-दागिने निर्यातदारांची संस्था भरवते तो आयआयजेएस हा मोठा शोसुद्धा व्यापाऱ्यांचा असतो. तिथे सामान्य ग्राहकाला प्रवेश नसतो, आणि आलेले व्यापारी ज्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा भेटणार आहेत अशांशीच व्यवहार करतात. मग ज्याला भिंग कसं धरायचं ते माहीत आहे, त्याला बघायला आठ दिवस, आणि जिने आयुष्यात पहिल्यांदा हिरा हातात घेतला तिला रविवार रात्री नऊपर्यंतच मुदत? ज्याला सगळ्यात कमी कळतं त्यालाच सगळ्यात कमी वेळ देणारा बाजार न्याय्य कसा म्हणायचा?

दुसरी गोष्ट उजेडाची. सतराव्या शतकात टॅव्हर्निअर हा फ्रेंच जवाहिऱ्या कृष्णाकाठच्या खाणींवर हिरे घ्यायला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की युरोपात हिरा दिवसाउजेडी पारखतात, इथले लोक मात्र रात्री भिंतीतल्या कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवून, त्याच्या उजेडात खडा बोटांत धरून त्याचं पाणी जोखतात. आणि खड्यात निळसर झाक असेल तर ती ओळखायला त्याला दाट पानांच्या झाडाखालच्या हिरव्या सावलीत नेतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीही जाणत्यांना पक्कं ठाऊक होतं की उजेड बदलला की हिरा वेगळा दिसतो. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात कोहिनूर ठेवला तेव्हा बघायला झुंबड उडाली, पण लोक हिरमुसले, कारण तो चमकतच नव्हता. मग त्याच्याभोवती गॅसचे दिवे आणि आरसे लावून पाहिले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि १८६ कॅरेटचा हिरा साधारण १०५ कॅरेटचा उरला. प्रदर्शन आणि दिवे यांचं नातं तेव्हापासूनचं आहे. फरक एवढाच की आजचे दिवे फार हुशारीने लावलेले असतात. हॉलमध्ये प्रत्येक स्टॉलवर पांढऱ्या, प्रखर एलईडींची रांग असते आणि तिच्याखाली कुठलाही हिरा लखलखतो. त्या अंगठीचा खडा तिथे शुभ्र दिसत होता. मी विक्रेत्याला विनंती केली आणि त्याचा माणूस सोबत घेऊन आम्ही हॉलच्या दारापर्यंत गेलो. दुपारचे चार वाजले होते, पोर्चमध्ये ऊन नव्हतं, नुसता उजेड होता. तिथे खड्यात पिवळसर झाक दिसली. भाचीने हात पुढे-मागे करून तीनदा बघितलं आणि काही न बोलता अंगठी काढून दिली. त्या माणसाने आम्हाला फसवलं नव्हतं. त्याच्या चिठ्ठीवर रंग 'के', म्हणजे किंचित पिवळसर, असाच लिहिला होता. पण तो पिवळसरपणा दिव्याखाली दिसत नाही. मुंबईतले हिऱ्याचे दलाल आजही रंग बघायला पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा पालथा ठेवून खिडकीशी जातात, शक्यतो उत्तरेच्या. बँक्वेट हॉलला खिडक्या नसतात.

मग म्हणतात, टेस्टर लावून दाखवतात ना? दाखवतात. पेनसारखं यंत्र खड्याला टेकवलं की पिवळे-लाल दिवे चढतात, पीक असा आवाज येतो आणि भोवतीचे सगळे समाधानाने माना डोलावतात. हे यंत्र बहुधा खडा उष्णता किती चटकन वाहून नेतो एवढंच मोजतं. प्रयोगशाळेत वाढवलेला सीव्हीडी हिरा त्याला खाणीतल्या हिऱ्यासारखाच वाटतो, कारण तोही शुद्ध कार्बनच आहे. आणि मॉइसानाइट, जो हिरा नाहीच, तोसुद्धा साध्या टेस्टरला चकवतो. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला मी खोटा म्हणत नाही. ज्याला तो हवा त्याने जरूर घ्यावा, चांगली वस्तू आहे. पण त्याचे दर झपाट्याने घसरले आहेत; डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीने २०१८ साली कॅरेटला ८०० डॉलर दराने अशा हिऱ्यांचा लाइटबॉक्स हा ब्रँड काढला आणि २०२५ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वस्तूची मोड कोण आणि किती देणार हे घेण्याआधी कळलं पाहिजे. खाणीतला हिरा आणि हा हिरा यांतला फरक सांगायला प्रयोगशाळेतली वेगळी उपकरणं लागतात, स्टॉलवरचा पीक आवाज पुरत नाही.

सर्टिफिकेटवरही थोडं. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल ही चांगली गोष्ट आहे, पण त्यात किंमत लिहिलेली नसते. मोठ्या सुट्या हिऱ्याच्या कडेवर अहवालाचा क्रमांक बहुतेकदा लेझरने कोरलेला असतो आणि दसपट भिंगातून तो वाचता येतो. तो वाचून दाखवा असं सांगायला लाजू नये. लहान लहान हिरे जडवलेल्या दागिन्याचा मात्र बहुतेकदा एकच अहवाल असतो: एकूण वजन अमुक, रंग 'जी-एच', स्वच्छता 'व्हीएस-एसआय'. हा पट्टा आहे, त्यात वरचाही बसतो आणि खालचाही. हॉलमार्कवर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो सोन्याचा असतो, हिऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. आणि प्रदर्शनांत हमखास दिसणारे कुंदन, पोलकी, जडाऊ हे प्रकार तर सक्तीच्या हॉलमार्किंगमधूनच वगळलेले आहेत.

यावर एक मार्मिक आक्षेप मला माझ्या भावाने घेतला. तो म्हणाला, "आपले आजोबा बैल कुठे घ्यायचे? जत्रेतच ना? तो विकणाराही दुसऱ्या दिवशी गाव सोडून जायचा." आक्षेप खरा आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लाखमोलाची जनावरं परक्या माणसाकडून घेतली जातात. पण ती कशी घेतली जातात? बैलाचे दात मोजतात, पाय उचलून खूर बघतात, चालवून बघतात, जुंपून बघतात. सोबत गावातला एक जाणता असतो, ज्याला या सौद्यात काही मिळायचं नसतं. बैल स्वतःच आपली परीक्षा देतो. हिरा देत नाही. आणि जिथे वस्तू आपली परीक्षा देत नाही, तिथे परीक्षा घेणारा जाणता माणूस नसेल तर जत्रेची तुलना तुटते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. टॅव्हर्निअरने हिऱ्यांच्या बाजारात हुबेहूब तीच रीत पाहिली होती, समोरासमोर बसलेले दोघे मुकाट्याने कापडाखाली एकमेकांचा हात दाबून सौदा करतात. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नसे. शेतमालाच्या बाजारात उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याच कारणासाठी, की रुमालाखालचा भाव नेहमी ज्याला कमी कळतं त्याच्या विरोधात जातो. मग 'आजच्यापुरता खास दर, तुमच्यासाठी' हा रुमालच नाही का?

आता पिढीजात सराफवाल्यांकडे वळते, कारण त्यांचा विजय झाला असं त्यांना वाटू नये. पिढ्यांची ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. आपल्या राज्यात भिशीचे पैसे घेऊन रातोरात शटर ओढणाऱ्या पेढ्या लोकांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे पत्ते सगळ्यांना माहीत होते. पत्ता आवश्यक आहे, पुरेसा नाही. शिवाय ज्या घरांनी तीन पिढ्या एकाच दुकानातून दागिने घेतले, त्यांनी तो दर दुसऱ्या कुणाच्या दराशी कधी ताडून पाहिला? प्रदर्शनाचा खरा उपयोग इथे आहे. दोन तास हिंडून, पाच स्टॉलवर सारख्या वजनाचे, सारख्या रंगाचे हिरे बघून, दर वहीत लिहून आणले की आपल्या सराफाशी बोलताना आपली पाठ ताठ राहते. रंगीत रत्नांच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाईन. पाचू, माणिक, नीलम यांना हिऱ्यासारखी सर्वमान्य प्रतवारी नाही, तिथे शेजारी शेजारी ठेवून बघण्याला पर्याय नाही, आणि जयपूरच्या डिसेंबरमधल्या शोसारख्या ठिकाणी डोळा जितका तयार होतो तितका दहा दुकानं फिरून होत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही सांगायला हवं. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. त्या चळवळीच्या रेट्याने १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा. नव्या कायद्यात ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता सुरतेचा असला तरी. सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. कच्च्या चिठ्ठीवर मोबाइल नंबर असतो आणि तो नंबर बंद होतो. म्हणून माझी मागणी आयोजकांकडे आहे. हॉलचं भाडं घेताना ते प्रत्येक स्टॉलवाल्याचा जीएसटी क्रमांक मागतात. तोच क्रमांक आणि कायमच्या दुकानाचा पत्ता स्टॉलच्या पाटीवर ठळक लिहायला का लावत नाहीत? दाराशी, खऱ्या उजेडात एक टेबल, त्यावर भिंग, आणि तिथे कुठल्याही स्टॉलशी संबंध नसलेला एक रत्नपरीक्षक बसवायला किती खर्च येतो? आणि बुकिंगचे पैसे सात दिवस परत मागता येतील अशी अट घालायला काय हरकत आहे? जांगडीचा एक छोटा तुकडा सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्यालाही येऊ द्या. जो विक्रेता याला तयार होणार नाही, त्याला कशाची घाई आहे ते आपोआप कळेल.

त्या दिवशी आम्ही अकरा स्टॉलवर एकच प्रश्न विचारला: सोमवारी आलो तर कुठे भेटाल? बहुतेकांनी कार्ड पुढे केलं, त्यावर फक्त मोबाइल. दोघांनी पुढच्या प्रदर्शनाचं गाव सांगितलं. एका मध्यमवयीन गृहस्थाने मात्र बिलबुक उघडून दाखवलं, छापलेल्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "झवेरी बाजारात आहे, पहिला मजला. पण सोमवारी नका येऊ, मी गुरुवारी पोचतो." त्याच्याकडे सूट नव्हती. तीन आठवड्यांनी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने मुंबईला गेलो. जिना अरुंद, खोली लहान, गल्ली इतकी दाटीची की आत दिवसाही दिवा. त्याने पुडीतून तीन खडे काढले, कागदाची घडी घातली आणि आम्हाला दोन मजले वर गच्चीत घेऊन गेला. भाची कठड्याशी उभी राहून बराच वेळ एकेक खडा बघत होती. तो बाजूला पाण्याच्या टाकीशी टेकून उभा होता, आणि त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.